नाल्यापलीकडचा उमेदवार

जिल्हा परिषदेच्या कुठल्या मतदार गटात कुठलं गाव, हे झोपेतून उठवून विचारा, हेमांगी सांगणार! इतर पोरी पाढे म्हणायच्या तेव्हा तिचे वडील, तोताराम नाना, तिच्याकडून गट पाठ करून घ्यायचे. कोण येणार, कोण पडणार, हे नानांनी तीस वर्षं ओट्यावर बसून सांगितलं. एकदाही चुकले नाहीत. चोपड्याकडचे उमेदवार अर्ज भरण्याआधी देवाला जायचे, आणि देवाच्या आधी नानांकडे!

आज त्याच ओट्यासमोर नानांच्या उत्तरकार्याची गंधमुक्ती होती. निवडणूक तोंडावर, त्यामुळे श्रद्धांजलीच्या भाषणाला इच्छुकांची रांग! पिंप्राळ्याहून आलेल्या हेमांगीने ठरवून टाकलं, बोलतील ते आपल्याच गटाचे उमेदवार. नानांच्या दारात गटाची चूक होता कामा नये.

"प्रेमराजभाऊ, तुमचा गट नाल्यापलीकडचा. तुम्ही नुसते बसा."

प्रेमराज काहीतरी बोलणार होता. पण मान हलवून मागे सतरंजीवर जाऊन बसला.

इच्छुकांतला योगराज उठला. "नाना म्हणजे आपल्या गटाचा कणा!" म्हणत ठिबकची नळी फुटावी तसा रडला.

त्याच गटातला दुसरा इच्छुक दीपक मागे कसा राहील? "कणा? अहो, नाना म्हणजे अख्खा गट!" आणि त्याने नानांच्या नावे व्यायामशाळा जाहीर केली. ज्यांनी जन्मात एक बैठक मारली नाही त्या नानांच्या नावे! योगराज पुन्हा उठला, त्याने सभागृह दिलं. दीपकने वेशीला कमान दिली.

तेवढ्यात ग्रामपंचायतीतला लोटन धापा टाकत आला.

"ताई, अंतिम गटरचना लागली! आपलं गाव नाल्यापलीकडच्या गटात गेलं!"

दोघांचेही डोळे वैशाखातल्या बंधाऱ्यासारखे कोरडे पडले. दोघांनाही एकाच वेळी जळगावची मीटिंग आठवली. व्यायामशाळा, सभागृह आणि कमान घेऊन सात गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या.

कुंदाआत्या वरणाची बादली घेऊन बाहेर आल्या आणि सगळे गेले कुठे म्हणून बघतच राहिल्या. "बठ्ठा कोठे ग्यात वं? चारशे लोकस्नी वरण-बट्टी शे!"

बादली प्रेमराजने त्यांच्या हातातून घेतली आणि तो उरलेल्या गावकऱ्यांच्या पंगतीत वाढायला लागला.

"भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं?" हेमांगीने विचारलं.

"जुन्या गटरचनेवर नानांनीच हरकत घेतली होती ना! नाल्यावर पूल झाला, गावाचा बाजार तिकडे, दवाखाना तिकडे. मग मतदान इकडे कशाला? मंजूर होणार म्हणाले होते."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"नानांच्या दारात, नानांच्या लेकीशी गटावरून वाद घालू?" तो हसला. "आणि मी पडणार, हेही सांगून ठेवलंय त्यांनी."

हेमांगी आत गेली. नानांच्या उशीखालच्या गटांच्या नकाशाची घडी उलगडायला तिचा दहा दिवस हात धजला नव्हता. आता तिने ती उलगडली. गावाभोवती पेन्सिलीची नवी रेघ होती, नाल्यापलीकडे वळलेली. मुळीच न थरथरलेली. नाना शेवटपर्यंत चुकले नव्हते!

आत्या खांद्यावरून वाकल्या. "तुना बाप बरोबर शे. तू चुकनी वं पोरी!"

रेघेखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हेमांगीला फोनवर सांगितले. लक्ष दिलेले दिसत नाही.'

तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि दुसरी बादली उचलली.