अठरा मिलिमीटरची फोड

आमच्या शेजारचे बनसोडेजी लोणच्याच्या कैरीच्या फोडी व्हर्निअर कॅलिपरनं मोजतात. हे हत्यार ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कारखान्यात लोखंडी तुकड्याची जाडी मोजायला जबड्यासारखी सरकती पट्टी असते ना, तीच. कारखान्यातली फिटरची नोकरी संपली, पण पट्टी काही सुटली नाही. लोकांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात ती असते.

फोड अठरा मिलिमीटरची. अर्धा इकडे, अर्धा तिकडे, एवढी सूट. त्यापुढे एकच शब्द, "रिजेक्ट!"

आम्ही नाशिकहून बदलीवर इंदूरला आलो आणि अन्नपूर्णा भागात घर घेतलं, तेव्हा ओळख म्हणून त्यांच्याकडे थालीपीठ पाठवलं होतं. संध्याकाळी ताटली परत करायला स्वतः आले. "वहिनीजी, टेस्ट एकदम फर्स्ट क्लास. बस, एका साइडनं जाडा आहे." थालीपीठ मी थापलं होतं. बायकोनं, म्हणजे वैशालीनं, ही माहिती त्यांना तत्काळ पुरवली. तेव्हापासून बनसोडेजींनी मला सुधारायचं मनावर घेतलं.

यंदा मे महिन्यात एका सकाळी सातला दार वाजलं. "चलो भिया, कैरी आली!"

गच्चीवर चटई अंथरलेली, कैऱ्या धुऊन पुसून रांगेत बसवलेल्या. माझ्या हाती सरोता दिला. सरोता म्हणजे आपला अडकित्ताच, पण पाटावर ठोकलेला आणि स्वभावानं खुनशी. माझ्या पहिल्याच घावाला अर्धी कैरी उडून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर गेली. दुसऱ्या घावाला कोय शाबूत राहिली आणि मीच मागे पडलो.

"तुमच्या हाताला आँखच नाहीये, भिया," बनसोडेजी हळहळले.

दहा वाजेपर्यंत त्यांच्या परातीत फाशांसारख्या फोडी जमल्या होत्या. माझ्या परातीत दगडफेकीनंतर रस्त्यावर पडतो तसला ऐवज होता. त्यांनी एक फोड मोजली, दुसरी मोजली, तिसरी मोजायचंच नाकारलं. "ये पूरा रिजेक्ट. हे तुमच्या घरी न्या." मसाला मात्र त्यांनी दोन्ही परातींना सारखाच, काट्यावर तोलून घातला. मीठ तर दोनदा तोललं. "मसाल्यात भेदभाव नाही करायचा," म्हणाले. दोन सारख्या बरण्या भरल्या. एक आमची. दुसरी महूला, त्यांच्या ताईकडे जाणारी.

या ताईची हकीकत सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होती. आई लवकर गेली, वडील फौजेत, तेव्हा महूच्या घरात ताईनंच या धाकट्याला वाढवलं. कैरी चिरायलाही तिनंच शिकवलं. आणि सहा वर्षांपूर्वी, ताईच्या मुलीची सोयरीक जुळली तेव्हा व्याही जेवायला बसलेले असताना, या शिष्यानं ताटातली फोड उचलली, खिशातून पट्टी काढली आणि भर पंगतीत जाहीर केलं, "ताई, ही बावीस आहे और ये वाली सतरा."

व्याही हसले. ताई हसल्या नाहीत. "आजपासून तुझं लोणचं तुझ्याकडे," म्हणाल्या, आणि बोलणं बंद.

तेव्हापासून दर मे महिन्यात बनसोडेजी बरणी पाठवतात. दरवर्षी ती तशीच परत येते, तोंडावर बांधलेल्या दादऱ्याची गाठसुद्धा न सोडलेली. ते गाठ तपासतात, "ठीक आहे," म्हणतात आणि दोन दिवस दार उघडत नाहीत.

"रविवारी तुम्ही महूला जाणार ना? ऑफिसवाल्यांच्या वास्तूला?" त्यांनी विचारलं. "मग ही फक्त द्या. बोलायचं काहीच नाही. आणि वापस दिली तर घेऊन या. जिद नाही करायची, भिया. ताई थकलीये आता." एवढं बोलून त्यांनी पुसलेली बरणी पुन्हा पुसली.

रविवारी पार्किंगमध्ये मी ती स्कूटरवर पायाशी ठेवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. जो हात बरणीला होता, तोच फोनकडे गेला.

आवाज फार मोठा झाला नाही. वास मात्र गेटपर्यंत गेला.

वैशाली खाली आली, तेलात पसरलेल्या त्या देखण्या फोडींकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपली बरणी न्या."

"अगं, फोडी?"

"उघडतं कोण? परत आली की सगळं त्यांना सांगू. आज रिकाम्या हातानं जाऊ नका. ते वाट बघत बसतात."

दादरा मी बांधला. इथेच घात झाला. महूला पोचेपर्यंत बरणीला तेलाचे ओघळ लागले होते.

ताईंनी दार उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, जाड चष्मा, ताठ कणा. "छोट्यानं पाठवली? ठेवा तिथं. पाणी प्या आणि घेऊन जा." मग त्यांना ओघळ दिसले. "कसं बांधलंय हे! सगळं तेल चाललं की." पुसायला म्हणून त्यांनी दादरा सोडला आणि आत पाहिलं.

वरच एक सुपारीएवढी फोड होती. तिच्या बाजूला अंगठ्याएवढी. मधून कोयीचा एक तुकडा डोकं वर काढून बसला होता. मी कबुलीजबाबाची जुळवाजुळव करू लागलो.

ताईंनी एक फोड तोंडात टाकली. बराच वेळ चघळली.

"हे छोट्यानं चिरलंय?"

खरं सांगायची ती वेळ होती, हे मलाही कळत होतं. "हो," मी म्हणालो.

"मोजलं नाही त्यानं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि बरणी आत नेऊन फळीवर ठेवली. बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे त्याचा नंबर असेल ना? लावून द्या. मी काढून टाकला होता."

मी नंबर लावला. बनसोडेजींना सावध करायला एक शब्दही बोलता येईना, कारण ताईंना कमी ऐकू येत असल्यानं त्यांनी फोन आधीच स्पीकरवर टाकायला लावून माझ्या हातातून घेतला होता.

"छोट्या, मी बोलते. लोणचं उघडलं रे. कसं चिरलंस ते! एक फोड केवढी, दुसरी केवढी. कोयसुद्धा तशीच. अगदी माझ्यासारखं."

त्या फोडी कोणाच्या, हे पलीकडे बनसोडेजींना ऐकताक्षणीच कळलं असणार. एका बाजूनं जाड थालीपीठ ज्याला सोसवलं नाही, त्यानं आता तोंड उघडलं की माझं काय होणार, याचा हिशेब मी करत होतो. इंदूर सोडून बदली मागावी, इथपर्यंत पोचलो होतो.

"हो, ताई," बनसोडेजी म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "मीच चिरलं."

"बरं झालंय," ताई म्हणाल्या. "मीठ जरा कमी पडलंय."

मी डोळे मिटून घेतले.

"येऊन घालतो, ताई," तिकडून आवाज आला. "आजच येऊ?"