रॅलीतलं भाडं

"ते मीटरवरचं झाकण आधी काढ," हेरंबने फर्मावलं.

"अरे, झाकण काढलं की झेंडा दिसतो, आणि झेंडा उभा दिसला की टॅक्सी रिकामी समजतात," धोंडू म्हणाला. "कोणीपण हात करील."

"क्लबाचा नियम वाच. गाडीचा कुठलाही भाग झाकलेला चालत नाही. उगाच मला शिकवू नकोस."

धोंडूने मुकाट्याने झाकण काढलं. दादरला मोटार क्लबाची रॅली सुटायच्या बेतात होती. साहेबलोकांच्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत लालबागच्या धोंडूची काळी-पिवळी टॅक्सी उभी होती आणि दारावर नंबर डकवून हेरंब ऐटीत तिच्या बाजूला उभा होता. गाडी धोंडू हाकणार. शेजारी बसून वाट सांगायची आणि घड्याळ सांभाळायचं, हे हेरंबचं काम. गिरगावात मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून त्याने रॅलीचे नियम आरतीसारखे पाठ केले होते.

"कप आपलाच," तो म्हणाला. "लिहून ठेव."

कप त्याला आजच हवा होता. खोताच्या वाडीतल्या रमाकांतरावांची राधा त्याला पसंत होती, राधालाही तो पसंत होता. पण रमाकांतरावांनी हात वर केले होते. "आमच्याकडे आत्याच्या शब्दाबाहेर काही होत नाही. ती मालवणहून आलीय. आज संध्याकाळी मुलगा बघेल. तिला पसंत, तर लग्न." या आत्याने आतापर्यंत तीन मुलगे परत पाठवले होते. शर्यत संपली की गिरगाव चौपाटीवरून थेट कप घेऊनच आत्यापुढे उभं राहायचं, मग बघू कशी नाही म्हणते, असा हेरंबचा बेत होता.

रॅलीत तऱ्हा दोन. वस्तीतल्या रस्त्यांवर नेमलेल्या वेळेला नाक्यावर पोचायचं. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तरी दंडच. पुढे माझगावला गोदीमागचा रस्ता बंद करून ठेवला होता, तिथे मात्र जीव खाऊन पळवायची. परळ मागे पडलं तेव्हा हेरंबने घड्याळ पाहिलं. भायखळ्याचा नाका अजून पुढे आणि हाताशी वेळ भरपूर.

"थांबव. लवकर पोचलो तर दंड बसेल."

लालबागच्या नाक्यावर धोंडूने टॅक्सी उभी केली. झेंडा वर, मागची सीट रिकामी. मग काय, मागचं दार उघडलं, आधी एक भलीमोठी पिशवी आत आली आणि पाठोपाठ नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई.

"गिरगावात चल रे," बाई म्हणाल्या.

"आजी, ही शर्यतीची गाडी आहे! उतरा!" हेरंब ओरडला.

"झेंडो उभो आसा मां? मगे गप चल. मी उतरूचंय नाय."

धोंडू रडकुंडीला आला. "हेरंब, भाडं नाकारलं आणि आजीने तक्रार केली, तर माझा बिल्ला जाईल रे!"

"दुसरी टॅक्सी बघून देऊ," हेरंब म्हणाला. पण एवढ्यात "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी गर्जना करत मोर्चा आला आणि रस्ता माणसांनी भरून गेला. पुढेमागे साहेबलोकांच्या गाड्या नुसत्या भोंगे वाजवत अडकल्या. म्हाताऱ्या बाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि मूठ वळून घोषणा दिली, "झालाच पायजे!"

मोर्चातले पोरगे खूश झाले. "आजीच्या गाडीला वाट द्या रे!" असं म्हणत त्यांनी कडं केलं आणि टॅक्सी सुखरूप पलीकडे काढून दिली. भायखळ्याच्या नाक्यावर ती अगदी ठरल्या वेळेला पोचली.

नाक्यावर क्लबाचे सोराबजी उभे होते. "अरे बावा, गाडीत तीन जण? बाद!"

"बाद कसे?" हेरंब खाली उतरला. इतके दिवस पाठ केलेलं आता कामी येणार होतं. "साहेब, पोलिसांचा नियम काय? बसलेलं भाडं वाटेत उतरवता येत नाही."

"बरोबर."

"तुमचा नियम काय? गाडीत दोघंच. पण वाट सांगणारा नाक्यावर नाव देऊन बदलता येतो. आहे की नाही?"

"आहे बावा."

"धोंडू उतरला तर गाडी कोण हाकणार? आजी उतरत नाहीत. म्हणजे नियमाने उरतं कोण?"

सोराबजी, धोंडू आणि आजी, तिघंही हेरंबकडे बघत राहिले. हेरंबला आपलं म्हणणं सगळ्यांत शेवटी कळलं. त्याने निमूटपणे घड्याळ आजींच्या हातात दिलं आणि ट्राम पकडायला गेला.

तो चौपाटीवर पोचला तेव्हा आजींच्या गळ्यात हार होता आणि हातात कप. फोटोवाला त्याला म्हणाला, "अहो, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय."

"बाकीचे मोर्चात अडकले, त्यांना दंड बसला," धोंडू आनंदाने सांगू लागला. "आणि माझगावला तर कमालच! तू सरावात 'डावीकडे, मग उजवीकडे' करायचास, मी विचार करत बसायचो. आजी नुसतं 'मेल्या!' ओरडल्या की समजायचं, पुढे वळण आहे."

हेरंबने आजींच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. कप गेला, फोटो गेला, आता रिकाम्या हाताने जायचं कसं?

"चल रे धोंडू," आजी म्हणाल्या. "खोताच्या वाडीत सोड माका. थंय रमाकांताकडे एक न्हवरो बघूचो आसा."

"आत्या... तो मीच," हेरंब कसाबसा बोलला.

"ठावक आसा. ह्यो धोंडू वाटभर हेरंब हेरंब करी होतो." आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तिघांका मी नाय म्हटलंय. तिघेव आपलाच खरा करणारे. तू माझ्यादेखत वाद घातलंस, वादात जिंकलंस आणि जिंकान आपणच गाडयेतसून उतरलंस. असो घोव माझ्या राधाक खंय गावतलो? बस फुडे."

हेरंब पुढे बसला. रॅली संपली होती, त्यामुळे आता गाडीत तिघं चालत होते.