डावीकडे जाण्यास हरकत नाही

पालम गावाच्या माळावर विमानतळ झालं. तिथं विमानाला करायचं काम अगदी साधं. इमारतीपासून निघायचं, जमिनीवरून हळूहळू चालत जायचं, फाट्यावर उजवीकडं वळायचं, की आली धावपट्टी. मग उडायचं. त्या दिवशी मुंबईचं विमान फाट्यावर आलं आणि कॅप्टन महारुद्र साहेबांनी ते डावीकडं वळवलं.

शेजारी बसलेल्या विवेकनं ते बघितलं. विवेक सहवैमानिक, मूळचा जिंतूरचा आणि अजून परमनंट न झालेला. मुंबईत उतरल्यावर त्याच्या शिफारशीवर साहेब सही करणार होते. चूक दिसली तर लहानातल्या लहानानं बोलावं, असा कंपनीचा नियम होता. पण कंपनीची रीत अशी, की साहेब चुकत नसतात, साहेब वेगळा विचार करत असतात. आधीचा सहवैमानिक नियमानं वागला होता. आता तो कुठं असतो, कुणी सांगत नाही.

"सर," विवेक म्हणाला, "उजवीकडची धावपट्टी लय भारी दिसायलीय."

"आवडली का?"

"हो सर."

"येताना बघू निवांत."

विवेकनं आपलं कर्तव्य पार पडलं असं धरलं.

टॉवरमधून बबिता मॅडमनीही बघितलं. 'चुकलात' म्हणावं तर अहवाल द्यावा लागणार, आणि अहवालात पहिला प्रश्न हाच, की तेव्हा तुम्ही काय करत होता? मॅडमनी जरा विचार केला आणि माईकवर शांतपणे सांगितलं, "डावीकडे जाण्यास हरकत नाही."

परवानगी मिळाली म्हणल्यावर ती चूक राहिली नाही. आता विमान काही रिक्षासारखं मागं घेता येत नाही, ओढायला ट्रॅक्टर लागतो. ट्रॅक्टर मागवायचा तर कारण सांगावं लागतं. चूकच झालेली नाही, तर कारण आणायचं कुठून? म्हणून विमान पुढं गेलं.

पुढं फाटक. फाटकावर नागनाथ. हा मोटारसायकलवाल्याला तीनदा ओळखपत्र मागणारा माणूस. पण येवढ्या मोठ्या गाडीला पास कोण मागणार? त्यानं फाटक उघडलं आणि सॅल्यूट ठोकला. विमान पालमच्या रस्त्याला लागलं.

आत हवाई सुंदरी स्वरदानं गोड आवाजात सांगितलं, "प्रवाशांनी पट्टे बांधून ठेवावेत. पुढे गतिरोधक आहे."

"अवो," खिडकीजवळच्या कमलबाई म्हणाल्या, "ही तं आमची सोयाबीन! मी सकाळी ह्याच रस्त्यानं आले की."

शेजारी विवेकचे मामा बन्सीधर मोबाईलवर शूटिंग करायले होते. "गप बसा मावशी. पुढं शिकलेली माणसं हायत. माझा भाचा हाय तिथं."

"भाचा हाय म्हणून इमान पालमला जातंय का?"

"विमानाला तुमच्यापेक्षा जास्ती कळतंय. डोकं बाजूला घ्या जरा, पंख दिसंना."

समोरून एसटी आली. आपल्या जिल्ह्यात मोठी गाडी अडकली की ती इथं आलीच कशी, असं कुणी विचारत नाही. आधी काढून देतात. हॉटेलातली माणसं हातातला चहा टाकून पळत आली आणि दोन्ही पंखांखाली उभी राहिली.

"येऊ द्या, येऊ द्या! डावा पंख दाबून! ओ साहेब, बाभूळ हाय, बाभूळ! हां, सोडा आता!"

कुणीतरी शेपटावर दोन थापा मारल्या. साहेबांनी खिडकीतून हात केला. विवेकला वाटलं, येवढी माणसं चुकीच्या बाजूला कशी असतील?

मग गावाची कमान दिसली. कुण्या पुढाऱ्याच्या वडिलांच्या नावाची, दगडी, कशीबशी एका ट्रकापुरती. साहेब वेग कमी करेनात.

"सर, कमान..."

"बसतंय," साहेब म्हणाले.

विवेकला सही दिसली, मग कमान दिसली, मग पाठीमागं बसलेली साठ माणसं आठवली. "सर, थांबा! आपण चुकलोय!" तो ओरडला आणि त्यानंच ब्रेक दाबला. कमानीपासून हातभर अंतरावर विमान थांबलं. कुणाला खरचटलंही नाही.

साहेबांनी त्याच्याकडं दयेनं बघितलं. "बोललास? कॉकपिटमधलं सगळं रेकॉर्ड होतं, बाबा."

रीतसर चौकशी झाली. 'सदर प्रवासात चुकीचा पहिला उल्लेख कमानीजवळ, सहवैमानिकाच्या आवाजात आढळतो. तत्पूर्वी चूक झाल्याचे कुणाच्याही निदर्शनास आलेले नाही. सबब चूक त्यांचीच.' अरुंद रस्त्यावरून विमान सुखरूप नेल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. विवेकला घरी पाठवलं.

"मामा, तुमी तरी चौकशीत सांगायचं," विवेक म्हणाला. "तुमाला दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं की. पालमची पाटी वाचली मी. पण साठ जण गप बसल्यात म्हणल्यावर मी एकट्यानं कशाला तोंड उघडू? तू उघडलंस, काय मिळालं?"



तुम्हाला आता विवेकची दया येत असेल. पण विमान डावीकडं वळलं ते तुम्ही पहिल्याच परिच्छेदात बघितलं होतं. फाटकातून बाहेर पडलं तेव्हा तुम्ही हसलातही. आणि कमानीला धडकतंय का, हे बघायला आमच्यासोबत शेवटपर्यंत थांबलात.