रिअ‍ॅक्टरपुढचा नारळ

"मॅडम, आता या कारखान्यात माणूस खोटं बोलेल, पण नोंद खोटं बोलणार नाही! एकदा आकडा उतरला की मलासुद्धा पुसता येणार नाही!" तानाजी इंजिनिअरने मालकीणबाई विनिता मॅडमना छाती फुगवून सांगितलं. आपण स्वतःच्याच भविष्याची बातमी देतोय हे त्या शहाण्याला कुठे ठाऊक होतं!

डोंबिवली एमआयडीसीतला हा रंगाचा कारखाना. रंग शिजवायच्या रिअ‍ॅक्टरचं तापमान वर्षानुवर्षं पॅनेलवरचा काळुराम हाताने लिहायचा. लिहायचा कसला! सकाळच्या चहाबरोबर अख्ख्या पाळीचे आकडे उरकून मोकळा! वीज गेली तरी ऐंशी, बॉयलर बसला तरी ऐंशी! आणि साहेबलोक खाली डोळे मिटून सही ठोकायचे. पण तानाजीने कॉम्प्युटर जोडला, दर मिनिटाचा आकडा आपोआप उतरू लागला, तेव्हा गोदामात रवानगी झाली ती फक्त काळुरामची. सही ठोकणारे खुर्चीतच!

"अहो, त्याला शिकवायचं सोडून पोती मोजायला कशाला बसवलंत?" कळव्याच्या घरी बायको रसिकाने विचारलं.

"तुला नाही कळायचं!"

मग आला दसरा. बॅच अर्धी शिजलेली, तिला कसला आलाय सण! त्यामुळे रिअ‍ॅक्टरही चालू आणि पूजाही चालू. नारळ फोडायचा मान दरवर्षी काळुरामचा. बिचारा नवा सदरा घालून आला.

"सायेब, नारल बायेर पायरीवर फोरतो मी."

"बाहेर कशाला? देव इथे आहे! आण इकडे!"

तानाजीने नारळ हिसकावला. येणाऱ्याजाणाऱ्याला आपली कारागिरी दिसावी म्हणून तापमानाच्या वायरींच्या डबीचं झाकण त्याने सकाळपासून उघडं ठेवलं होतं. रिअ‍ॅक्टरच्या लोखंडी पायावर नारळ असा आपटला, जणू जुन्या वैऱ्याचं टाळकं! पाणी उडालं ते थेट डबीत!

पडद्यावर आकडा आला, तीनशे बारा! भोंगा सुरू! मॅडमच्या फोनवर आणि नोंदींवर लक्ष ठेवणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीच्याही फोनवर मेसेज, "धोका! बाहेर पडा!" मंडळी, डोंबिवलीत केमिकलवाल्याचा भोंगा वाजला की माणूस चप्पल शोधत बसत नाही, आणि यात हसण्यासारखं काही नाही. सगळे पळाले. शेजारच्या कारखान्याची पूजा तर पेटत्या आरतीसकट शीळफाट्याच्या दिशेने धावत सुटली!

डबी पुसल्यावर आकडा गुमान ऐंशीवर आला. पण नोंद व्हायची ती झालीच होती.

"ते तीनशे बारा पूस!" मॅडम गरजल्या.

"पुसता येत नाही, मॅडम."

"पुसता येऊ नये असं कोणी केलं?"

"मीच. तुम्हाला सांगितलं होतं ना..."

"सोमवारी गिऱ्हाईक कंपनीची बाई तपासायला येतेय! कारण लिही, कोणाची चूक ते लिही. ज्याचं नाव येईल त्याने पुन्हा पॅनेलला हात लावायचा नाही!"

तानाजी पडद्यासमोर बसला. कारण टाकलं, 'नारळाचं पाणी'. मग चूक कोणाची? बोटं थबकली. काळुराम काय, गोदामातच आहे. त्याचं आणखी काय जायचंय?

त्याने टाइप केलं, 'काळुराम'.

पडदा लाल झाला. "काळुराम यांना पॅनेलचा अधिकार नाही. नाव नाकारले." अधिकार काढला होता कोणी? तानाजीनेच! खाली आणखी एक ओळ आपोआप उतरली. "हे नाव टाकण्याचा प्रयत्न करणारे: तानाजी."

त्याने पुसायची बटणं बडवली. ओळ जागची हलेना! मागे कोणीतरी खाकरलं. करवंट्या गोळा करत काळुराम उभा होता. सगळं वाचून झालेलं.

"सायेब, मी लिवायचो तवा असला काय उमटत नवता."

तानाजीने गपचूप स्वतःचं नाव टाकलं.

सोमवारी बाईने सगळ्या ओळी वाचल्या, ती लाल ओळ दोनदा. माल पास झाला. तानाजी झाला नाही.

आता काळुराम पॅनेल शिकतोय आणि तानाजी पोती मोजतोय. माफीचं एक वाक्य तो रोज मनात लिहितो आणि काळुराम समोर आला की पुसून टाकतो. तेवढं मात्र अजून पुसता येतं!