वार्तान अंकलचा एकच सूर

मनामातल्या नईम भागातल्या आमच्या घरातला एसी मी दोनदा खोलून घेतला. दर शुक्रवारी दुपारी बेडरूममध्ये घुंऽऽ असा आवाज यायचा, न थांबता, तासभर. दुसऱ्या खेपेला चिपळूणच्या मेकॅनिकने भिंतीला कान लावला आणि हत्यारं गोळा केली. "भाऊ, एसीत प्रॉब्लेम मफी, कायच नाय. भिंतीत कोणतरी हाय."

भिंतीपलीकडे वार्तान अंकल राहतात. आर्मेनियन, मूळचे अलेप्पोचे. मनामाच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला. तक्रार करायला गेलो तर दार उघडंच. गाल फुगवलेले, हातात दुदुक, म्हणजे सनईच्या जातीचं, जर्दाळूच्या लाकडाचं वाद्य. श्वास नाकाने आत, सूर तोंडाने बाहेर, आणि तोही एकच. समोर रिकामी खुर्ची. मी बसायला गेलो तसे डोळे वटारले. "उधर नहीं, सदीक, मेरे दोस्त. हागोप बैठा है."

मी खुर्चीपासून दोन पावलं मागे सरकलो.

हागोप हा त्यांचा धाकटा भाऊ. लग्नाला, मयताला दोघं वाजवायचे. गाणं हागोपचं, मागे सूर अंकलचा. आमच्या गावीही सनईवाल्याशेजारी असा एक जण नुसता सूर धरून बसतो. त्याला कुत्रं विचारत नाही. त्या दोघांची आई तिकडे अलेप्पोत गेली तेव्हा अंकलना इथून रजा मिळाली नाही. हागोपने तिचं आवडतं देवाचं गाणं एकट्यानेच वाजवलं, मागे सूर नसताना. पुढे तोही गेला. "अब मैं हाज़िर रहता हूँ," अंकल म्हणतात आणि मधूनच खुर्चीला दटावतात, "आहिस्ता, हागोप!"

"त्या भुताला सांगा, दुपारचं झोपू दे जरा," ही माझ्या बायकोची, सुलभाची, दर शुक्रवारची भुणभुण. तिने त्या भिंतीवर मारुतीची तसबीरच टांगली.

गेल्या महिन्यात अंकलची छाती भरली. डॉक्टरने त्यांचं फुंकणं बंद केलं. शुक्रवारी गेलो तर दुदुक मांडीवर, नजर खुर्चीवर. "वो आ गया, सदीक. सूर नहीं है. फिर अकेला बजाएगा."

माझा गळा म्हणजे फुटकं मडकं. तरी तोंड मिटून सूर धरला. खुर्चीकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून डोळेही मिटले.

"यल्ला, चल, हागोप," अंकल कुजबुजले. खुर्ची करकरली. देवाशप्पथ करकरली.

अर्ध्या मिनिटात माझा श्वास संपला. सूर मात्र थांबला नाही. मी दचकून डोळे उघडले. अंकलचे ओठ मिटलेले होते. आवाज भिंतीतून येत होता.

पलीकडे सुलभा गुणगुणत होती. कुरकुर करता करता बाईने तो सूर नेमका पाठ केला होता.

अंकलनी तळवा भिंतीला टेकवला आणि खुर्चीकडे वळून म्हणाले, "बजा, हागोप. अम्मा सुन रही है."