पाठराब्यांचा प्याला

आमच्या शेजारचे पाठराबे माझ्या कढीतलं मीठ दुर्बिणीतून बघतात.

खरंच सांगते. त्यांच्या खिशात वीतभर लांबीची एक नळी असते. तिच्या टोकाच्या काचेवर कढीचा एक थेंब टाकायचा, नळी डोळ्याला लावायची, खिडकीकडे तोंड करायचं आणि म्हणायचं, "काकू, आज समुद्रापेक्षा पुष्कळ कमी आहे." पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी विचारलं, "पाठराबे, मग देवानं जीभ काहून दिली?" तर म्हणाले, "जिभेवर भरोसा नाही काकू. जीभ बनवणारीचं तोंड पाहून सांगते."

मी लग्न होऊन रायपूरला आले ती ब्राह्मणपाऱ्यातच; इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. आमचे हे रेल्वेत होते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे मी वाचलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त सांगते. रायपूर राजधानी झालं, कचेऱ्या वाढल्या, आणि नागपूरकडची बरीच माणसं इकडे आली. पाठराबे त्यातलेच. नव्या रायपुरात कुठल्याशा कचेरीत नकाशे तपासतात. लग्न केलेलं नाही. आमच्या शेजारचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं तेव्हा सामान म्हणून एक पलंग आला, एक खुर्ची आली, आणि काचेची एक टाकी आली, जी आत न्यायला गल्लीतले सगळे पुरुष लागले. मग मिठाची पोती आली. मग गोल बाजारातून निळे ड्रम यायला लागले. ड्रमवाला दर वेळी विचारायचा, "भैया, शादी है क्या घर में?" पाठराबे गंभीर तोंडानं सांगायचे, "नहीं, समुंदर बना रहा हूँ."

समुद्र कुठे आणि रायपूर कुठे! पण या माणसानं तो केला. साधं पाणी गाळायचं, त्यात मोजून मीठ घालायचं, दिवसभर ढवळत ठेवायचं आणि दुर्बिणीतून पाहायचं. आणि त्या समुद्रात पाळलं काय, तर पोवळं.

ते मला आधी कळलं नव्हतं. ओळख झाली तेव्हा ते म्हणाले, "काकू, माझ्या घरी मूंगा आहे." हिंदीत पोवळ्याला मूंगा म्हणतात. पण आमच्या छत्तीसगडात मुनगा म्हणजे शेवगा. मला वाटलं, ड्रमात झाड लावलं असेल. म्हटलं, "छान झालं. दोन शेंगा द्या, आमटीत टाकते." पाठराबे पांढरे पडले. "शेंगा?" भाजीवाली बिसाहिन शेजारीच बसली होती. तीही म्हणाली, "साहब के घर मा मुनगा फरे हे का दाई?" तेवढ्यावरून अर्ध्या पाऱ्यात बातमी गेली. लोक पिशव्या घेऊन यायचे. त्यातून पोवळं आहे हे कळलं, तर मंगळाच्या अंगठीसाठी खडा मागायला यायचे. पाठराबे एकेकाला आत नेऊन दाखवायचे, समजावून सांगायचे. आपल्या समुद्रातलं पोवळं काढणं गुन्हा आहे, हे आधी सांगायचे. हे बाहेरदेशी शेतीत वाढवलेलं, कागदपत्रांसकट आलेलं.

त्या पोवळ्याला ते प्याला म्हणायचे, कारण ते ताटासारखं पसरतं आणि कडेनं वर वळतं. या शब्दानं त्यांचं आणखी नुकसान केलं. एकदा राजनांदगावहून एका विधवा बाईचं स्थळ आलं होतं. तिच्या भावानं विचारलं, "संध्याकाळी काय करता?" पाठराबे म्हणाले, "काही नाही, ऑफिसातून आलो की प्याल्याजवळ बसतो." भाऊ चहा न पिता उठला. मी पाठराब्यांना म्हटलं, "अहो, मागे जाऊन सांगा तरी, तुमचा प्याला कोणता ते." म्हणाले, "जाऊ द्या काकू. घाई नाही, धक्का नाही."

हे त्यांचं पालुपद. घाई नाही, धक्का नाही. प्याल्याचा सगळा सांभाळ त्या चार शब्दांत आहे. मीठ एकदम वाढवायचं नाही, पाणी एकदम बदलायचं नाही, उजेड एकदम द्यायचा नाही. प्याला टाकीच्या तळाशी, सावलीत ठेवायचा. वर दिव्याखाली नेला तर पांढरा पडतो. पाण्याचा झोत अंगावर नको, पण पाणी साचूनही नको. ताटावर गाळ बसला की पिचकारीनं हलकेच उडवायचा, नाहीतर खाली कातडी सडते. चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायची, कारण त्याला हाड बांधायला चुना लागतो. आमच्या पाऱ्यात चुना पानाला लागतो, पाठराब्यांकडे समुद्राला.

त्यांचा मोठा प्याला मात्र पाहण्यासारखा होता, हे मी मान्य करते. परातीएवढा, कच्च्या कैरीसारखा हिरवा, आणि त्यावर गुलाबी ठिपके. लोक त्या ठिपक्यांना डोळे म्हणतात. पाठराबे म्हणाले, "डोळे नाहीत काकू, तोंडं आहेत."

"म्हणजे डोळ्यानं जेवते?"

"हव."

दिवा मालवला की त्या तोंडांभोवती बारीक हात बाहेर यायचे आणि पाठराबे पिचकारीनं एकेका तोंडाशी घास सोडायचे. आणि कडेनं लांब दोरे निघायचे. ते ज्या शेजाऱ्याला लागले तो जळालाच. म्हणून भोवती मोकळी जागा सोडावी लागते. मी म्हटलं, "अशा दोन बाया आपल्याच गल्लीत आहेत." पाठराबे खूप हसले. मग दाराकडे पाहून गप्प झाले, कारण त्यातली एक त्यांची घरमालकीण होती.

त्यांना एकच दुःख होतं. त्या प्याल्याचं खरं नाव लागत नव्हतं. दुकानदार सगळ्यांनाच प्याला म्हणून विकतात, हे पाठराब्यांना खपत नाही. "ब्राह्मणपाऱ्यात राहणारे सगळे ब्राह्मण आहेत काय काकू? तसंच हे. घराणी वेगळी आहेत." मग भिंग हातात द्यायचे. एकाची तोंडं कडेकडे झुकलेली, माणसं गच्चीवरून वरात पाहतात तशी. दुसरा पापडासारखा पातळ, काटेरी. मी पुढे पुढे बरोबर ओळखायला लागले. पण हा मोठा कशातच बसत नव्हता. ते फोनवर फोटो पाठवायचे, दर माणूस वेगळं नाव सांगायचा. "हाड पाहिल्याशिवाय नक्की होत नाही," ते म्हणाले, "आणि हाड पाहायचं तर त्याले मारावं लागते. म्हणून बिननावाचाच राहू द्या." नखाएवढा होता तेव्हापासून त्यांनी तो वाढवला होता.

एक दिवस ते एक छोटी काचेची पेटी घेऊन माझ्याकडे आले. आत त्याच प्याल्याचा करवतीनं कापलेला तुकडा.

"आमच्या शौकातल्या लोकांत रीत आहे, काकू. मोठा झाला की एक तुकडा दुसऱ्याच्या घरी ठेवायचा. आपल्याकडचा गेला तर तिकडून परत आणता येते."

"मग एखाद्या तुमच्या शौकातल्याच माणसाकडे ठेवा. मले काय येते त्यातलं?"

"नाही ना. रीत अशी आहे की ज्याच्या दारी रोज जाता येईल, त्याच्याकडेच ठेवायचा. अन् तुमची माठाची खोली थंड आहे."

रीत म्हटल्यावर मी ठेवून घेतला. माठाच्या तिवईशेजारी पेटी बसली. पाठराबे रोज संध्याकाळी कचेरीच्या बसमधून उतरले की आधी माझ्याकडे यायचे. एक थेंब पेटीतल्या पाण्याचा, एक थेंब कढीचा, दोन्ही दुर्बिणीतून पाहायचे. तोंड वाकडं करून सांगायचे, "पाणी बरोबर आहे. कढी चुकली." आणि वाटी पुढे करायचे.

मग तो मे महिना आला. भर दुपारी ट्रान्सफॉर्मर उडाला. पाठराबे नव्या रायपुरात. त्यांचा फोन आला. "काकू, पाणी थंड करणारी मशीन बंद पडली असेल." चावी माझ्याकडे होती. मी बर्फ मागवला, बाटल्यांत भरला आणि त्या एकेक करून टाकीत सोडल्या. सगळ्या एकदम टाकाव्या असं हात म्हणत होते, पण मी टाकल्या नाहीत. माझ्याकडच्या पेटीला मी चारही बाजूंनी आमच्या ह्यांचं जुनं धोतर ओलं करून गुंडाळलं, माठाला गुंडाळते तसं. वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. पाठराब्यांची टाकी पश्चिमेच्या भिंतीशी. ते आले, पाण्यात हात घातला, आणि तसाच ठेवून उभे राहिले.

टाकीत चार मासे होते, ते वाचले. मोठा प्याला वाचला नाही. दुधावरची साय सुटावी तशी त्याची कातडी सुटत गेली आणि खालचं पांढरं हाड दिसायला लागलं. शेवटी कडेला नखाएवढा हिरवा कोपरा उरला. तेवढा कापून पाठराबे माझ्याकडे आले आणि माझ्या तुकड्याला अगदी चिकटवून ठेवायला लागले.

मी ओरडले, "काय करून राहिले? जाळेल ना तो त्याले!"

"नाही जाळणार. त्याचाच आहे हा. ओळख पटली तर एक होतील."

"अन् नाही पटली तर?"

त्यांनी तुकडा आणखी जवळ सरकवला.

त्याच सुमारास नागपूरहून खापरे नावाचे गृहस्थ आले. त्यांनाही हाच शौक. मोठ्या प्याल्याचं पांढरं हाड धुऊन ओट्यावर ठेवलं होतं. खापऱ्यांनी ते उचललं, भिंग काढलं आणि एकदम खूश झाले. "अरे वा! आता तर नाव पक्कं सांगतो तुले!"

पाठराब्यांनी ते हाड त्यांच्या हातातून काढून घेतलं. "नको सांगू," म्हणाले आणि पंच्यात गुंडाळलं.

खापरे वरमले. मग माझ्या खोलीत पेटी पाहायला आले. "पण काय रे, मी किती वेळा म्हटलं, तुकडा माझ्याकडे कुरिअरनं पाठव. एवढी मोठी टाकी आहे माझी. आपले लोक तर चेन्नईपर्यंत पाठवतात."

मी विचारलं, "पण ज्याच्या दारी रोज जाता येईल त्याच्याकडेच ठेवायचा, अशी रीत आहे ना तुमची?"

"रीत?" खापरे हसले. "अशी कोणती रीत, मावशी? जिवंत राहिला पाहिजे, बस. कुठं का असेना."

मी पाठराब्यांकडे पाहिलं. ते माठावरच्या झाकणीकडे फार लक्ष देऊन पाहत होते. कान लाल झाले होते. मी खापऱ्यांना म्हटलं, "असेल रायपूरची वेगळी," आणि पाणी प्यायला दिलं.

पावसाळा सरता सरता दोन तुकड्यांमधली रेघ पुसली. मी भिंग लावून पाहिलं. कुठला कोणता, सांगता येईना. एकच हिरवं ताट, आणि ज्या जागी जोड होता तिथेच एक नवं गुलाबी तोंड. पाठराबे पेटीसमोर उकिडवे बसले होते. म्हणाले, "काकू, मशीनीले बॅटरी लावून घेतली आहे मी आता. तुम्ही म्हणत असाल तर नेतो टाकीत. तुमची अडचण नको. तुम्ही कधीची म्हणून राहिल्या की खोलीत जागा नाही."

मी तसं म्हणत होते खरी. खोलीत जागा नाहीच.

"पाठराबे," मी म्हटलं, "घाई नाही, धक्का नाही. राहू द्या इथंच."

ते उठले नाहीत. मी कढीची वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. नळी खिशातच होती.

मीठ मी घालायचीच विसरले होते, हे मला नंतर जेवताना कळलं.