शेवट सांगा, मग पीठ न्या

आमच्या शेवगावात दगडूभाऊंच्या गिरणीत दळण टाकलं की पिठाबरोबर चिठ्ठी येते. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली. काय ऐकायचं, काय बघायचं, काय वाचायचं ते बोराएवढ्या अक्षरांत लिहिलेलं. कुणी विचारलेलं नसतं हो!

दळणावरून माणूस ओळखतात ते. बाजरी आणली तर जुनी लावणी. गहू आणले तर रडका पिक्चर. आणि थालीपिठाची भाजणी आणली की पुस्तकच. "भाजणी करनारी बाई लई दमाची. तिला चारशे पानं सोसत्यात," हा त्यांचा हिशेब.

एकदा पारूबाईंची चिठ्ठी सुटून पिठात पडली. गाण्याचं नाव फाटून गेलेलं, उरलं एवढंच: 'सांजच्याला एकटीनंच ऐका. अंगावर काटा येईल.' पारूबाईंना वाटलं, कुणीतरी करणी केली! कणकेच्या हातानंच गिरणीवर आल्या. भाऊंनी चिठ्ठी पाहून शांतपणे विचारलं, "काटा आला का न्हाई?"

"आला की मेला!"

"मग झालं आपलं काम."

पण खरी धास्ती पुढच्या फेरीला. भाऊ पीठ अडवून धरतात आणि विचारतात, "शेवटाला काय झालं?" नुसतं 'छान होतं' म्हटलेलं चालत नाही. "छान चहाला म्हनायचं. शेवट सांगा, मग पीठ न्या."

माझ्या भाजणीबरोबर एक जाडजूड कादंबरी आली. विहिरीवरून अबोला धरलेल्या दोन बहिणींची. चार घरं फिरून आलेली, पण मधल्या एका पानापुढची पानं कुणी उलटलेलीच नव्हती, कोरी करकरीत. मीसुद्धा तिथवरच पोचले. घरात पाहुणे, लोणच्याचा घाट, कुठून वाचणार? आणि दळण तर आणायचं होतं. मग दिलं ठोकून, "धाकटी माफी मागते भाऊ. दोघी मिळून विहिरीचं पाणी शेंदतात."

मला वाटलं, आता पकडणार. तर भाऊ पिठाच्या हातानंच डोळे पुसायला लागले. "मला वाटलंच हुतं वैनी. थोरली मनानं वाईट न्हवती."

दुपारी मन खायला लागलं म्हणून उरलेली पानं वाचून काढली. तर काय! थोरली येतच नाही. धाकटी एकटीच काठावर बसून राहते आणि विहीर बुजते.

दुसऱ्या दिवशी गेले, तर भाऊ रांगेतल्या बायकांना माझाच शेवट रंगवून सांगत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, मी थाप मारली. पुस्तक पुरं वाचलंच नव्हतं तेव्हा."

रागावतील वाटलं होतं. पण भाऊ इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मी तरी कुठं वाचलंय? डोळ्याच्या पडद्याला इजा झाली, तवा सहा पुस्तकं अर्धी ऱ्हायली. तीच वाटतो. डोळ्याचं घरी बोललो तर पोरं गिरणीला कुलूप लावत्याल. वाटलं, कुनीतरी पुढचं सांगंल. तर सगळी आपली 'छान, छान'!"

मग एकदम लहान आवाजात, "वैनी, खरं काय हुतं वो शेवटाला?"

"वाईट होतं भाऊ. राहू द्या ना."

"वाईट तर वाईट. पर सांगा."

पुस्तक पिशवीतच होतं. त्यांनी गिरणी बंद केली. मी गव्हाच्या पोत्यावर बसून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. रांगेतल्या बायका आधी कुरकुरल्या, मग डबे उलटे करून त्यावरच बसल्या. वाचून झालं तसं भाऊंनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं.

"तुमचा शेवट बरा हुता," ते म्हणाले. "पर ह्यो खरा हाय."

मग गिरणीच्या मोटारीमागच्या फळीवरून कापडात बांधलेलं एक पुस्तक काढलं. त्याला अजून दुकानाचा वास होता. माझ्या हातात देताना म्हणाले, "हे सातवं. मागच्या साली घेतलं. ह्याचं तर पयलं पानबी मला म्हाईत न्हाई."

माझं दळण तर आदल्या दिवशीच झालं होतं. तरी मी पुन्हा पोत्यावर बसले.